शब्दांच्या डोक्यावरच्या रेघा

शुद्धलेखनात माझा हात धरणारं सौंदडच्या आसपास कोणी नव्हतं, हे सांगायला मला आज म्हातारपणीही लाज वाटत नाही. जनपद सभेच्या, म्हणजे सरकारी, मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पाटीवर एक अनुस्वार राहिला की पोरीच्या बोटांवर पट्टी, आणि वेलांटी चुकली की तो शब्द पन्नास वेळा गिरवायचा, असा माझा खाक्या. एका पोरीने एकदा म्हटलं, "बाई, समजते तर सगळं!" तिला मी अख्खा तास उभी केली. "तुले समजते वो, वाचणाऱ्याले समजलं पाहिजे!" राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावर. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी विधवा होऊन मी माहेरी आले होते. घरी आई आणि मी, आणि बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, कसायला दिलेली थोडी धानाची शेती. आई म्हणायची, "गावच्या पोट्ट्यायनं का पाप केलं, का तू त्यायच्या वाट्याले आली!"

स्टेशनच्या पलीकडे, छोट्या गाडीच्या रुळांना लागून, मिशनचा दवाखाना होता. तिथे चार सिस्टर राहायच्या. तिघी केरळच्या, आणि एक थेट स्पेन देशाची. ही स्पेनची सिस्टर साठीची, उंच, हाडापेराने मजबूत. वीस वर्षं तिने आमच्या भागात बाळंतपणं केली होती. तिची मराठी बाळंतिणींकडून शिकलेली, म्हणजे माझ्याहून अस्सल झाडीबोली. "कायले रडून राहिली वो? दम लाव!" असं ती ओरडली की बाई रडायची थांबायची आणि बाहेर बसलेला नवरा रडायला लागायचा.

त्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत मला खोकला झाला म्हणून मी दवाखान्यात गेले. सिस्टरने कपाटातून बाटली काढली, नाकाशी धरली, मग हात लांब करून धरली, मग खिडकीशी नेली. शेवटी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वाच." मी नाव वाचलं.

"इंग्रजी येते तुले?"

"अक्षरं येतात, सिस्टर. अर्थ सगळा लागत नाही."

"अर्थ नको. अर्थ मले लागते. अक्षर दिसत नाई."

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं, अजून पिकला नाही, वर्ष-दोन वर्षं थांबा. तेव्हा तसंच होतं, मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नसत. सिस्टरने झग्याच्या खिशातून एक पत्र काढलं. घड्या घालून घालून त्याचे पदर सुटायला आले होते. स्पेनहून तिच्या आईने लिहिलेलं. येऊन पंधरा दिवस झाले होते आणि तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. केरळच्या सिस्टरांनी वाचून दाखवायचा प्रयत्न केला होता, पण त्यांना ती भाषा येत नव्हती आणि शिकायला वेळही नव्हता.

मग तिने मला बाकावर बसवलं आणि सगळं सरळ सांगितलं. आई ऐंशीच्या पुढे गेलेली. वीस वर्षांत मायलेकींची भेट नाही. मिशनने तिला घरी जायची परवानगी दिली होती, पण एकदाच, पुन्हा नाही. "आंधळी जाऊन का करू? आईचं तोंड दिसलं पाहिजे. डोळे झाले का जाईन. पण तवरी आई थांबली पाहिजे. थांबते का नाई, ते मले पत्रावरूनच समजल. म्हणून मले पत्र बरोबर ऐकाले पाहिजे." तिने हे पेशंटची नाडी सांगावी तसं सांगितलं. मला तिची दया आली आणि थोडा अभिमानही वाटला, की अख्ख्या गावात हे काम माझ्याकडे आलं.

मी पत्र उघडलं आणि इंग्रजी वाचतात तसं धाडधाड वाचायला लागले. अर्धं पान झालं असेल. सिस्टर म्हणाली, "थांब. हे माझी आई नाई."

मला राग आला. जे लिहिलंय तेच वाचतेय की!

"अक्षराच्या वर का हाये, ते वाचलं का?"

"वर? ते ठिपके नि रेघा? ते तर माशा बसल्याचे डाग असतील."

सिस्टर इतकी हसली की आतून एक केरळची सिस्टर धावत आली. मी मात्र शरमेने अर्धी झाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अनुस्वारासाठी पोरींच्या बोटांवर पट्ट्या मारणारी मी, परक्या भाषेतल्या सगळ्या मात्रा माशांच्या नावावर लिहून मोकळी झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी दवाखान्याच्या पडवीत विद्यार्थिनी म्हणून बसू लागले. सिस्टर टेबलावर खडूने हाताएवढी मोठी अक्षरं काढायची आणि सुपातले तांदळाचे दाणे घेऊन त्यांच्या डोक्यावर ठेवायची. ती बोटांनी चाचपायची, मी डोळ्यांनी बघायची. स्वरावर तिरका दाणा ठेवला की तिथे जोर. n या अक्षरावर दोन दाणे वाकडे ठेवले की तो 'न' राहत नाही, आपला 'ञ' होतो. "बिगर निशाणीचा न वेगळा, हा वेगळा. दोन भाऊ हायेत, पण घर वेगळं," ती म्हणायची.

जोर कुठे द्यायचा हे शिकवायची तिची तऱ्हा बाळंतपणाच्या खोलीतली होती. माझं मनगट हातात धरायची, मी वाचायची, आणि जोराचं अक्षर आलं की ती मनगट दाबायची. चुकले की चिमटा. पट्टीची सवय असलेल्या बाईला चिमटे खावे लागत होते, करता काय! नियम तसा सोपा होता. शब्दाच्या शेवटी स्वर असेल, किंवा न अथवा स असेल, तर जोर शेवटून दुसऱ्या जागी. दुसरं काही असेल तर जोर शेवटी. बहुतेक शब्द गुपचूप हा नियम पाळतात, म्हणून त्यांना निशाणी लागत नाही. जो शब्द पाळत नाही त्याच्या डोक्यावर रेघ. "म्हणजे जो गावाचं ऐकत नाही त्यालाच टिळा," मी म्हटलं. सिस्टर म्हणाली, "मंग तुले बी पाहिजे एक."

काही छोटे शब्द अक्षराला अक्षर सारखे, एकाचा अर्थ 'तू', दुसऱ्याचा 'तुझा'. रेघ त्यांच्यातल्या एकाच्याच डोक्यावर. 'काय', 'कसं', 'कुठे' असं विचारणाऱ्या शब्दांवर विचारताना रेघ, एरवी नाही. कोणाचं बोलणं सुरू झालं की ओळीच्या आरंभी आडवा दांडा. आणि सगळ्यांत नवल त्या उलट्या चिन्हांचं. प्रश्न असेल तर शेवटी आपल्यासारखं चिन्ह, पण आरंभीही एक, डोकं खाली पाय वर: ¿. उद्गाराचंही तसंच: ¡. मी म्हटलं, "हात्तिच्या! शेवटी कळतंच की प्रश्न होता म्हणून. आधी कशाला?" सिस्टर म्हणाली, "शेवटी समजून का फायदा? वाचणाऱ्यानं आवाज कवा चढवावा? दारात पाय ठेवायच्या आधी सांगाव, का घरात लग्न हाये का भांडण हाये." मला हे फार पटलं. मराठीत का नाही म्हणून मी दोन दिवस घरी आईशी वाद घातला. आई म्हणाली, "तू बोलाले लागली का आमाले आधीच समजते, भांडण हाये म्हून."

दिवाळीपर्यंत मी ते पहिलं पत्र नीट वाचलं. सिस्टर डोळे मिटून ऐकत होती. मी 'कोमो एस्तास' वाचलं, म्हणजे कशी आहेस, उलट्या चिन्हापासून आवाज चढवून, दोन्ही रेघांवर जोर देऊन. सिस्टरने माझं मनगट सोडलं आणि तोंडावर हात ठेवला. "हे हाये," ती म्हणाली. "हे माझी आई हाये."

मग दर महिन्याला पत्र येऊ लागलं. शब्द मला थोडेच कळायचे, पण त्या म्हातारीला मी तिच्या निशाण्यांवरून ओळखायला लागले. पत्र उघडलं की आधी मी उलटी प्रश्नचिन्हं मोजायची; नेहमीच्या प्रश्नांचा अर्थ सिस्टरने सांगून ठेवलेला. जेवतेस का? झोप लागते का? तिकडे पाऊस किती? पाच-सहा तर असायचीच, आणि उत्तराला जागा न सोडता पुढचा प्रश्न. शेजारणीची गोष्ट सांगायची असली की आडवे दांडे एकाखाली एक. संतापली की उद्गारचिन्हांची रांग. माझ्याच स्वभावाची बाई! तिने कोणावर तोंड सोडलं आहे हे कळत नसतानाही मी तिच्या बाजूने व्हायची.

वाचून झालं की सिस्टर ठरलेला प्रश्न विचारायची: "अक्षर कसं हाये?" मी म्हणायची, "छान. मोत्यासारखं." आणि सिस्टर म्हणायची, "मंग थांबल ते. डोळे होऊ दे." उत्तरही मीच लिहायची, ती सांगेल ते, रेघांसकट. डोळ्यांचं आईला काही कळवलेलं नव्हतं. मी सिस्टरच्या अक्षराची हुबेहूब नक्कल करायला शिकले होते.

पहिलं वर्ष मी खरं तेच सांगत होते. दुसऱ्या वर्षी श्रावण सरता सरता आलेल्या पत्रात मला पहिल्यांदा एक रेघ सापडली नाही. माझ्यासारखीच्या नजरेतून सुटणार थोडीच! 'एस्तास'च्या डोक्यावर काही नव्हतं. मी मनात म्हटलं, घाईत राहिली असेल, आणि जोर द्यायचा तिथे देऊन पुढे गेले. पुढच्या पत्रात उलटी प्रश्नचिन्हं गायब, नुसती शेवटची उरलेली. त्याच्या पुढच्यात तीही नव्हती. ओळी कागदावरून खाली घसरत होत्या. एक शब्द दोनदा लिहिलेला, एक अर्ध्यावर सोडलेला. पण म्हातारी काय विचारते हे मला तोंडपाठ होतं. मी चिन्हं नसलेल्या जागी आवाज चढवला, रेघ नसलेल्या जागी दाब दिला, दुसऱ्यांदा आलेला शब्द गाळला आणि अर्ध्या शब्दाचा पुरा केला. पोरीची वही तपासतो तशी. खरं सांगते, मला त्यात मजा वाटत होती. बघा, अर्थ येत नाही तरी मी त्या भाषेच्या चुका सुधारते आहे!

"अक्षर कसं हाये?"

"छान," मी म्हटलं.

घरी येऊन आईला मात्र सांगितलं, की म्हातारीचा हात चालला आहे, सिस्टरला सांगावं का? आई धान पाखडत होती. म्हणाली, "कायले सांगतं? ते बिचारी डोळ्याची वाट पाहून राहिली. आजाऱ्या माणसाले वंगाळ सांगू नाई." आमच्याकडे ही रीतच आहे. बिछान्यावरच्याला, वाट बघणाऱ्याला, प्रवासाला निघालेल्याला कोणी वाईट सांगत नाही, सगळं गाव मिळून गप्प राहतं. मलाही तेच सोयीचं होतं. अशी पाच पत्रं मी सुधारून वाचली.

संक्रांतीच्या तोंडावर सहावं आलं. पोस्टमन शाळेतच आला आणि लांबूनच म्हणाला, "कोपरा साबूत हाये जी, घ्या." आमच्याकडे मरणाच्या पत्राचा कोपरा फाडलेला असतो. ते घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकतात. हे पत्र चारी कोपऱ्यांनी धड होतं. उलट पाकिटाला आणि आतल्या कागदाला सगळीकडून काळा काठ होता, ठसठशीत, बोटभर. बायका संक्रांतीसाठी काळ्या चंद्रकळा काढून ठेवत होत्या. मला वाटलं, त्यांच्याकडेही असाच काही सण असेल. अक्षर म्हातारीचं नव्हतं, पण निशाण्या एकूण एक जागेवर होत्या. मला तर हायसं वाटलं. म्हटलं, चला, तिलाही लिहायला कोणी मास्तरीण मिळाली, आता मला काही झाकायला नको.

मी पडवीत बसले आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर वाचन केलं. स्वल्पविरामाला थांबत, रेघेरेघेवर जोर देत, खणखणीत. 'माद्रे', म्हणजे आई, हा शब्द तीनदा आला. तो ओळखीचा म्हणून मी तिन्ही वेळा हसून म्हटला. सिस्टरने सवयीने माझं मनगट धरलं होतं. दुसऱ्या ओळीला तिने ते दाबलं आणि मग सैल केलंच नाही. मला वाटलं, मी कुठे चुकले. मी आणखी नीट वाचू लागले.

"बरं वाचलं ना?" मी विचारलं.

"चांगलं वाचलं. कागदाले काळा काठ हाये का?"

"आहे की! काय सुंदर आहे, सिस्टर!"

"माझ्या देशात आई मेली का असा कागद घेतात. भावानं लिहिलं."

माझ्या हातातून पत्र पडलं. मी ओरडलेच, "अगं माय! मग मला पहिल्याच ओळीला थांबवलं काऊन नाही?"

"थांबवलं असतं तर तू रडली असती. मंग पुरं कोण वाचलं असतं? माझ्याजवळ दुसरं कोणी नाई."

मी रडत होते, ती रडत नव्हती. माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाली, "अचानक गेली बिचारी. मागच्या पत्रात तर चांगली होती. कसा आवाज होता तिचा, टणक."

हे मला सोसवलं नाही. गप्प बसले असते तर तिला कधी कळलंही नसतं, पण माझ्या तोंडून निघून गेलं. "तो आवाज माझा होता, सिस्टर." आणि मग सगळं सांगितलं. गेलेल्या रेघा, गेलेली चिन्हं, घसरलेल्या ओळी, पाच महिने.

तिने माझं मनगट सोडलं. रुळांवरून मालगाडी गेली. मग म्हणाली, "तुले कोणी सांगितलं सुधरवाले?"

"तुम्हाला घोर नको म्हणून..."

"ते चुका माझ्या आईच्या होत्या. मले पाहिजे होत्या. मी गेली असती. आंधळी तर आंधळी, गेली असती." आवाज चढलेला नव्हता. "घरी जा तू."

चार दिवस मला जेवण गेलं नाही. शाळेत एका पोरीने अनुस्वार गाळला, मी पट्टी उचलली आणि तशीच खाली ठेवली. आई म्हणाली, "मीच सांगतलं होतं तुले, मी येतो तिच्या पाया पडाले." मी म्हटलं, तू सांगितलंस, पण केलं मी, आणि मला ते करताना आवडत होतं.

पाचव्या दिवशी मी न बोलावता गेले. सिस्टर पडवीतच बसली होती. पावलावरून तिने मला ओळखलं. बस म्हणाली नाही, पण मांडीवरचा पत्र्याचा डबा माझ्याकडे सरकवला. त्यात आईची सगळी पत्रं होती.

"शेवटचे पाच काढ. जसं लिहिलं तसं वाच. जे लिहिलं नाई, ते वाचू नको."

मी वाचू लागले. फार अवघड गेलं, बाई. जीभ आपोआप सुधारायला धावायची, तिला मी दाताखाली धरलं. जिथे रेघ नव्हती तिथे जोर दिला नाही. जिथे चिन्ह नव्हतं तिथे आवाज सपाट ठेवला. दोनदा लिहिलेला शब्द दोनदा वाचला, अर्धा शब्द अर्ध्यावर सोडला. पत्रागणिक वाक्यं थकत गेली, एकात एक शिरत गेली. सिस्टरने या वेळी माझं मनगट धरलं नव्हतं, दोन्ही हात मांडीवर होते. तिसऱ्या पत्राला ती रडू लागली. वीस वर्षांत तिने आईला म्हातारी झालेली ऐकली नव्हती. मी थांबले नाही. तिने वाच म्हटलं होतं.

पाचव्या पत्रात तर निशाणी औषधाला नव्हती. कशी आहेस जेवतेस का झोप लागते का, सगळं एका ओळीत, एका सुरात, मध्ये श्वासाला जागा नाही. मी तसंच वाचलं, सपाट. तो प्रश्न आहे हे त्या कागदावरून कोणालाच कळलं नसतं. पण माझ्या प्रत्येक शब्दानंतर सिस्टर मान हलवून हळूच उत्तर देत होती, "ब्येन, माद्रे. ब्येन." बरी आहे, आई. बरी आहे.